तेलाचं वय

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता. लिहावं की नको, असंही वाटत होतं. मी मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई, तीही मराठी माध्यमातून बी. ए. केलेली. मी गाडीच्या ब्रेक ऑइलवर काय लिहिणार, असं तुम्ही म्हणाल. पण परवा आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आमची गाडी अकरा वर्षांची झाली, पण अजून नव्यासारखी आहे. महिन्यातून दोनदा बाहेर काढतो फक्त." मी विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललंत?" ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "ते कशाला बदलायचं? कमी झालं की गॅरेजवाला घालतो की!" त्या रात्रीच ठरवलं, आता लिहायचंच.

कारण हेच उत्तर २०२३ च्या मे महिन्यापर्यंत मीही दिलं असतं.

मी गाडी शिकले ती निवृत्तीनंतर, २००९ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. ह्यांना गाडी येत नाही. ते शेजारी बसून सूचना देतात, आणि तेवढं त्यांना उत्तम येतं. आधी जुनी गाडी घेऊन हात साफ केला आणि २०१४ साली एक छोटी नवी गाडी घेतली. चिपळूणला राहून गाडी लागते ती किती? बाजार, बँक, दवाखाना, आणि वर्षातून पाचसहा वेळा मुलीकडे कराडला. नऊ वर्षांत जेमतेम एकतीस हजार किलोमीटर झाले होते. दरवर्षी नेमाने सर्व्हिसिंग करत होते. बिलं फाइलला लावून ठेवलेली. शाळेची सवय, दुसरं काय!

त्या मे महिन्यात आम्ही दोघं नातीला सुट्टीसाठी आणायला कराडला गेलो होतो. परत येताना कोयनानगरला चहा घेतला आणि कुंभार्ली घाट उतरायला लागलो. दुपारची वेळ, मी म्हणत असलेलं ऊन. पुढे एक भरलेला ट्रक रखडत चालला होता. मी तिसऱ्या गिअरमध्ये होते आणि ब्रेकवर सारखा थोडा थोडा पाय. बरीच वळणं अशी गेली. मग एका वळणाच्या आधी पाय दाबला आणि तो पोकळ गेला. जिना उतरताना अंधारात आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, अगदी तसं. पेडल थेट तळाला टेकलं आणि गाडी आपली चाललेलीच.

त्या क्षणी काय केलं ते मला नीट आठवतं. पेडल भराभर चारपाच वेळा मारलं, त्याने किंचित दाब आला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिन किंचाळलं, पण वेग कमी झाला. मग हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढत गेले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी चौदा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, एकदम ओढलात तर गाडी फिरेल. डोंगराच्या बाजूला थोडी रुंद जागा होती, तिथे गाडी थांबली. नात मागून एवढंच म्हणाली, "आजी, आपण का थांबलो?" तिला काही कळलंच नव्हतं. ह्यांना कळलं होतं. ते आयुष्यात पहिल्यांदा गाडीत गप्प बसले होते.

चाकांपाशी जळका वास येत होता. आम्ही बाहेर उभे राहिलो. पाऊण तासाने मी सहज पेडल दाबून पाहिलं, तर पूर्वीसारखं घट्ट! जणू काही झालंच नव्हतं. मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत पोफळीपर्यंत आले आणि तिथून घरी. हे मी चूक केलं. गाडी तिथेच ठेवून कुणाला तरी बोलवायला हवं होतं. पण ब्रेक परत आल्यावर माणसाला वाटतं, आलं ते गेलं.

खरी गोष्ट पुढेच आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलाने एक चक्कर मारली, तेलाची पातळी पाहिली, थोडं वर घातलं आणि म्हणाला, "ब्रेक एकदम ओके आहेत, बाई." रात्री मुलाचा पुण्याहून फोन आला. सगळं ऐकून घेऊन तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, आता गाडी चालवणं बंद कर ना. वय झालं आता." मुलीचंही तेच. शेजारणीचंही तेच. एकाने तर सुचवलं की घाबरून मी ब्रेकऐवजी क्लच दाबला असेल. आणि गंमत म्हणजे (आता गंमत म्हणते, तेव्हा नव्हती) चारपाच दिवसांत मलाही तसंच वाटू लागलं. गॅरेजवाला सांगतोय ब्रेक उत्तम आहेत. मग चूक कुणाची? बहात्तर वर्षांच्या बाईचीच असणार. पंधरा दिवस मी गाडीच्या किल्लीला हात लावला नाही. रिक्षाने बाजारात जायची आणि रिक्षावाल्याच्या पायाकडे बघत बसायची.

मग पावसाळ्याआधी टायर बदलायला म्हणून ह्यांनी गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये पाठवली. तिथला मेकॅनिक पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याला मी घाटातली हकीकत सांगितली. त्याने माझं वय विचारलं नाही. विचारलं, "बाई, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?"

मी घरी येऊन फाइल काढली. नऊ वर्षांची बिलं. प्रत्येक बिलावर लिहिलेलं, 'ब्रेक ऑइल तपासले'. दोन ठिकाणी 'टॉप-अप'. 'बदलले' असं एकाही बिलावर नाही. आयुष्यभर मुलांना क्रियापदं शिकवली मी! 'तपासले' आणि 'बदलले' यांतला फरक मला नऊ वर्षं दिसला नव्हता. तपासलं म्हणजे बाटलीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे एवढं पाहिलं. त्या पातळीखाली काय आहे, ते कुणीच पाहिलं नव्हतं.

आता थोडं शास्त्र सांगते. घाबरू नका, मलाही ते याच वयात कळलंय.

शाळेत असताना एकदा विज्ञानाच्या सरांचा बदली तास मला मिळाला होता. पास्कलचा नियम. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. मी पुस्तकातली आकृती फळ्यावर काढली, मुलांकडून व्याख्या पाठ करून घेतली आणि घंटा झाल्यावर सुटकेचा श्वास सोडला. तो पास्कल सतराव्या शतकातला, १६२३ ते १६६२. त्याचा तो नियम माझ्या पायाखाली आहे याची मला कल्पनाही नव्हती. आपण पेडल दाबतो तेव्हा चाकापर्यंत कुठली दांडी जात नाही, जातो तो द्रवाचा दाब. द्रव दाबला तरी आक्रसत नाही, म्हणून पायाचं बळ तसंच्या तसं चाकाशी पोहोचतं. वाफ मात्र आक्रसते. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की आपला पाय त्या बुडबुड्यांनाच दाबत बसतो आणि चाकाला काही कळतच नाही.

पण बुडबुडे येतात कुठून? याचं उत्तर त्या द्रवाच्या स्वभावात आहे. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हेच. आपल्या छोट्या गाड्यांत असतो तो ग्लायकॉल जातीचा द्रव, आणि तो हवेतला दमटपणा शोषून घेतो. रबरी नळ्यांतून, झाकणाच्या बारीक छिद्रातून, वर्षानुवर्षं. तेल आणि पाणी वेगळं राहतं असं आपण लहानपणापासून ऐकलंय. इथे ते पाणी विरघळून जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. 'ऑइल' या नावानेच आपला घात केलाय असं मला भाषेची शिक्षिका म्हणून वाटतं. तेल म्हटलं की माणूस समजतो, घातलंय, राहील. काही महाभाग तर कमी पडलं म्हणून साधं इंजिन ऑइल ओततात. तसं केलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेकची सगळी यंत्रणा निकामी होते. तेव्हा ते कधीही करू नका.

आता आकडे बघा. माझ्या गाडीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेलं आहे. या प्रकारचा ताजा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं प्रमाण आहे. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच हद्द १४० अंशांवर येते. डॉट ४ असेल तर ताज्याला २३० आणि पाणी मिसळलेल्याला १५५. शंभरात चार भागसुद्धा पाणी नाही, आणि तेवढ्याने पासष्ट-पंच्याहत्तर अंशांचा फरक! सपाट रस्त्यावर, बाजारात, बँकेत जाताना हा फरक कधीच कळत नाही, कारण तिथे ब्रेक तेवढे तापतच नाहीत. तो कळतो घाटात.

घाटात किती तापतात, याचा हिशेब माझ्या नातीने करून दाखवला. ती तेव्हा नुकतीच दहावी झाली होती. माणसांसकट गाडी हजार किलोची धरली आणि ५०० मीटर उंची उतरायची असं मानलं, तर जी उष्णता तयार होते तिच्यात सुमारे सोळा लिटर पाणी तीस अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. आंघोळीची एक मोठी बादलीच झाली की! गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन आणि हवा उचलतात. माझ्यासारखी ब्रेकवर पाय ठेवून कुणी उतरली तर जवळजवळ सगळी बादली चार चाकांच्या ब्रेकवर, त्यातही पुढच्या दोनवर जास्त.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गार झाल्यावर वाफेचं परत पाणी होतं. पेडल घट्ट होतं. गॅरेजमध्ये गाडी पोहोचते तेव्हा ब्रेक उत्तमच असतात. गॅरेजवाला खोटं बोलत नव्हता. तो गार गाडीबद्दल बोलत होता.

मेकॅनिकने पेनासारखं एक यंत्र त्या बाटलीत बुडवलं, लाल दिवा लागला. मग मागच्या चाकाशी काचेची बाटली लावून त्याने जुनं काढलं. नवा द्रव फिकट पिवळसर असतो. माझ्या गाडीतून निघालं ते उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं. (नुसत्या रंगावर मात्र जाऊ नये असं तो म्हणाला. रंग बरा असूनही पाणी असू शकतं.) ब्रेकची एअर काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. त्याचा पोऱ्या त्या दिवशी आला नव्हता, म्हणून ह्यांना बसवलं. "काका, दाबा... धरा... सोडू नका... आता सोडा." चारही चाकं होईपर्यंत ह्यांचा पाय दुखून आला, पण चौदा वर्षांत प्रथमच ते गाडीच्या पेडलवर होते, त्यामुळे स्वारी खूश होती.

आता माझं मत.

पहिलं म्हणजे, ब्रेक ऑइल किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर बदलायचं असतं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत दोन वर्षं म्हटलंय. तुमच्या गाडीला काय म्हटलंय ते बघा आणि तेच पाळा. 'गाडी कुठे एवढी चालते' हा आम्हा निवृत्तांचा लाडका युक्तिवाद इथे उलटा पडतो. हवेतला दमटपणा गाडी उभी असली तरी शिरतच असतो. ज्यांची गाडी खूप चालते त्यांची निदान गॅरेजला वारंवार जाते. आमची अंगणात कव्हर घालून उभी असते, कोकणातले चार महिने पाऊस सोसते आणि मग एके दिवशी आम्ही नातवंडांना घालून तिला घाटात नेतो. चिपळूणकरांना पाण्याबद्दल नव्याने सांगायला नको. २२ जुलै २०२१ चं पाणी भिंतीवर खूण ठेवून गेलं. हे पाणी खूण ठेवत नाही, एवढाच फरक.

दुसरं, नुसतं वर घालत राहू नका. ब्रेकचे पॅड झिजतात तशी त्या बाटलीतली पातळी हळूहळू उतरते. ती आपल्याला काही सांगत असते. वर घातलं की आपण तिचं तोंड बंद करतो. पातळी एकदम उतरली तर कुठेतरी गळती आहे, तेव्हा वर घालून गाडी हाकणं म्हणजे जिवाशी खेळ. डॅशबोर्डवरचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही जळत असेल तर गाडी पुढे नेऊच नका.

तिसरं, गॅरेजवाले उगाच पैसे काढतात म्हणून आपण त्यांचं ऐकत नाही. हा संशय अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यावर उपाय आहे. सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडायला सांगा. अर्धवट वापरलेली, महिनाभर उघडी राहिलेली घेऊ नका, तीही दमट हवा पितच असते. झाकणावर जो प्रकार लिहिलाय तोच घाला. बिलावर 'बदलले' हा शब्द आणि तारीख लिहून घ्या. सगळा खर्च काहीशे रुपयांचा, फार तर हजाराच्या आतबाहेर. २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याच्या महागड्या यंत्रातही हाच द्रव फिरतो आणि पाण्याने तेही आतून गंजतं. अशा गाडीचं काम माहितगाराकडेच द्या, घरी करू नका. हा द्रव रंगावर सांडला तर रंग खातो, हेही लक्षात असू द्या. सांडला तर लगेच पाण्याने धुवा.

आणि चौथं, जे लिहायचं म्हणून मी एवढं लिहिलं.

त्या घटनेनंतर माझं वय सगळ्यांना दिसलं. तेलाचं वय कुणालाच दिसलं नाही. माझं लायसन्स दर पाच वर्षांनी तपासलं जातं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते योग्यच आहे. खाजगी गाडीची तपासणी मात्र नोंदणीनंतर पंधरा वर्षांनी. मधल्या काळात तिच्या पोटात काय चाललंय ते आपल्यावर सोडलेलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही घडलं की आपण कारण शोधायचं थांबवतो, कारण एक कारण आयतं समोर बसलेलं असतं, पांढऱ्या केसांचं. माझ्या मुलांनी प्रेमापोटीच मला गाडी सोडायला सांगितली. मी सोडलीही असती. आणि मग ती गाडी, तेच काळं पाणी पोटात घेऊन, भाचीला नाहीतर नातीला मिळाली असती. तरुण पाय पेडलवर असता म्हणून ते पाणी थोडंच उकळायचं थांबलं असतं?

याचा अर्थ माझी चूक नव्हती असा मात्र नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुनी शिकवण मी विसरले होते. ब्रेकवर सतत पाय ठेवला होता. नऊ वर्षं तेल बदललं नव्हतं. या चुका वयाच्या नाहीत, दुर्लक्षाच्या आहेत, आणि दुर्लक्ष तिशीतही करता येतं. एक दिवस असा येईलच की माझे डोळे किंवा माझा पाय खरोखरच उशीर करील. तेव्हा किल्ली मी स्वतः मुलाच्या हातात देईन. पण ते माझं कारण असलं पाहिजे, तेलाचं नव्हे.

आता मी एक नेम केलाय. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. एवढं सगळं होतं, पण बॉनेट काही आपण उघडत नाही. मी एक वर्षाआड दसऱ्याच्या आधी ब्रेक ऑइल बदलून घेते. पावसाळा संपलेला असतो, तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. २०२३ च्या मे महिन्यात पहिल्यांदा झालं, मग २०२४ च्या दसऱ्यापासून हा नेम. बदलल्याची तारीख कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, अगदी मोठ्या अक्षरात. उद्या गाडी कुणाच्याही हातात गेली तरी त्याला आधी तेलाचं वय दिसावं म्हणून.

कुंभार्ली अजून उतरते. दुसऱ्या गिअरमध्ये. मागचे लोक हॉर्न वाजवतात, वाजवू देत. ह्यांच्या सूचना पुन्हा सुरू झाल्या आहेत, त्याचंही मला आता बरंच वाटतं.

तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, ते आठवून बघा. आठवत नसेल, तर तेच उत्तर आहे.